फॉरमॅट मारण्याआधी



मिक्सर बंद पडला तर आपण लगेच दुकानात धावत नाही. भांडं नीट बसलंय का बघतो, मिक्सर उलटा करून बुडाचं लाल बटण दाबतो, प्लग दुसरीकडे लावून बघतो. तरी नाही चालला तर पिशवीत घालून नेतो आणि दुकानदाराला सांगतो, "चटणी वाटताना जळका वास आला आणि बंद पडला." त्या एका वाक्यात त्याचं निम्मं काम होतं. मोटरचं वाइंडिंग आपल्याला येत नाही, पण म्हणून तो आपल्याला काहीही सांगू शकत नाही.

कॉम्प्युटर बंद पडला की मात्र याच आपण दोन पावलं मागे सरकतो. "त्यातलं मला काही कळत नाही बाई. सुट्टीत मुलगा आला की बघेल." मग ते मशीन टेबलावर कापड घालून दिवाळीपर्यंत तसंच. नाहीतर कुणाकडून तरी नंबर घेऊन मुलगा बोलावतो, तो येऊन दोन बटणं दाबतो आणि म्हणतो, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल." आपण म्हणतो, "मार बाबा, काय मारायचं ते."

या वाक्याबद्दलच मला आज लिहायचं आहे. माझं मत सरळ आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करता येणं ही प्रत्येकीची गरज नाही. पण तीन गोष्टी घरच्या बाईला यायला हव्यात. काय बिघडलंय ते नीट सांगता येणं, मशीन बाहेर देण्याआधी आतलं काय वाचवायचं ते ठरवणं, आणि बिल वाचणं. मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायला काही हरकत नाही. आतल्या माहितीची दुसरी प्रत घरात असल्याशिवाय मात्र ते उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.

"आता सगळं मोबाईलवर होतं, कॉम्प्युटर हवाय कुणाला?" असं सुना म्हणतात. हवाय. महिला मंडळाचा हिशेब, यात्रेला येणाऱ्यांची यादी, घरभाड्याच्या पावत्या, आयकराची विवरणपत्रं, सासऱ्यांच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, नातवंडांच्या बारशापासूनचे फोटो, हे सगळं बहुतेक घरांत त्या टेबलावरच्या डब्यातच आहे. आणि ते सांभाळणारी बहुधा आपणच असतो, कारण कागद कुठे ठेवलाय हे घरात आपल्यालाच विचारतात.

आधी आपल्या हाताने काय बघता येतं ते सांगते. पहिलं म्हणजे बोर्डात वीज आहे का. त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून बघा. मग मागच्या केबली. झाडू-फरशी करताना त्या ढिल्या होतात आणि पडदा काळा पडतो. मॉनिटरचा दिवा लागतोय पण चित्र नाही, आणि कॅबिनेटमधला पंखा फिरतोय, तर एवढं तरी कळलं की वीज पोचते आहे. यूपीएस सारखा टिट् टिट् करत असेल तर त्याची बॅटरी संपत आली असण्याचा संभव मोठा. ती साधारण दोन ते चार वर्षं चालते. बॅटरी बदलायची म्हणून यूपीएस फेकायचा नसतो.

दुसरं म्हणजे रीस्टार्ट. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं हे एकच, असं पुष्कळजणींना वाटतं. विंडोजमध्ये तसं नाही. शट डाउन केलं तरी लवकर चालू व्हावं म्हणून ते आतली काही अवस्था साठवून ठेवतं आणि पुन्हा तीच उचलतं. रीस्टार्ट केलं तरच पाटी पूर्ण पुसून नव्याने सुरुवात होते. प्रिंटर छापत नाही, आवाज येत नाही, अक्षरं अडकतात, अशी कितीतरी दुखणी एका रीस्टार्टने जातात. ते केल्याशिवाय कुणाला फोन करू नये.

तिसरं, पडद्यावर जो संदेश येतो त्याचा मोबाईलवर फोटो काढा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. "काहीतरी निळं आलं आणि गेलं" या वाक्याचा दुरुस्तीवाल्याला काही उपयोग नाही, फोटोचा आहे. आणि वहीत दोन ओळी लिहा: कधीपासून, काय करताना, आदल्या दिवशी नवं काय केलं होतं. डॉक्टरकडे जाताना आपण ताप किती वाजता आला ते सांगतोच की.

या दोन ओळींची किंमत किती असते त्याचं उदाहरण देते. माझ्या जावेच्या घरी बँकेची साइट उघडेना. दरवेळी कनेक्शन सुरक्षित नाही अशी सूचना यायची. तिच्या गावातल्या एका दुकानाने मदरबोर्ड गेला असं सांगून नव्या मशीनचा भाव दिला. जाऊबाई मुळातल्या शिक्षिका. त्यांनी लिहून ठेवलं होतं की रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. दुसऱ्याने ती ओळ वाचली, कॅबिनेट उघडलं आणि रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी बदलली. सीआर २०३२ म्हणतात तिला, तीन व्होल्टची. किंमत पन्नास रुपयांच्या आसपास. वीज बंद असताना मशीनचं घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली की तारीख चुकते, आणि तारीख चुकली की बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं आहे असं मशीनला वाटतं. बिघाड एवढाच होता.

झिणझिण्यांचंही तसंच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात अशी तक्रार जुन्या वाड्यांत फार. तो दोष बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा नसतो, सॉकेटला अर्थिंग नसल्याचा असतो. तिथे कॉम्प्युटरवाला नको, वायरमन हवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग उपटून ठेवा आणि इंटरनेटची वायर असेल तर तीही काढा. वीज त्या वाटेनेही आत शिरते.

धूळ हा आपल्या हातातला चौथा भाग. कॅबिनेटमध्ये पंख्याभोवती धूळ जमली की मशीन तापतं, पंखा घरघरतो आणि मध्येच बंद पडतं. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि बाजूचं झाकण उघडावं. आत कोळी, मुंग्या असतात. आधी त्यांना बाहेर जाऊ द्या, कागदावर घेऊन कुंडीत सोडा, मग पुढचं काम. ब्लोअरचा झोत सोडायच्या आधी हे पाहणं आपलं काम आहे, दुकानातला मुलगा पाहणार नाही. मऊ कोरडा ब्रश वापरा, ओलं फडकं नाही. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा म्हणजे ते गरगरा फिरणार नाही. आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, कारण आपल्या अंगातली, विशेषतः रेशमी साडीची, स्थिर वीज त्या चकत्यांना मारक ठरते.

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. अलीकडे व्हिडिओ बघून सगळं स्वतः करायचं एक वारं आलंय. माझा त्याला विरोध आहे. तीन ठिकाणी हात घालायचा नाही. कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा बंद डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलं असेल तर ती चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही, दाबायची नाही. वापर थांबवून जाणकाराकडे न्यायची. ती पेट घेऊ शकते. आणि हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला तर "चालतंय तोवर चालू दे" म्हणायचं नाही. तेव्हाच बंद करायचं. आतली तबकडी फिरत राहील तितकी माहिती खरवडली जाते. माहिती महत्त्वाची असेल तर ती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

आता त्या "फॉरमॅट मारतो" या वाक्याकडे येते.

फॉरमॅट म्हणजे घर रिकामं करून, रंग लावून, पुन्हा राहायला जाणं. वेळ वाचतो, म्हणून दुरुस्तीवाल्यांना तो आवडतो. नेमका बिघाड शोधायला दोन तास लागतात, फॉरमॅट अर्ध्या तासात होतो. त्यांचंही चुकतं असं नाही, त्यांना दिवसाला दहा घरं करायची असतात. पण घर रिकामं करताना माळ्यावरचं काय खाली काढायचं हे घरमालकिणीने सांगायचं असतं. "डी ड्राइव्हला हात लावत नाही काकू, काळजी करू नका," असं तो म्हणतो आणि ते बहुधा खरंही असतं. गोम अशी की आपलं सामान डी ड्राइव्हमध्ये नसतं. डेस्कटॉपवर ठेवलेलं, डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं, डाउनलोड्समध्ये पडलेलं, हे सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं. आणि सी ड्राइव्हच पुसला जातो.

माझ्या मामेबहिणीचे यजमान गेल्याला आता चार वर्षं होतील. त्यांना भजनं म्हणायची आवड. घरात बसून मोबाईलवर रेकॉर्ड करायचे आणि मग मुलाकडून कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवून घ्यायचे. ते गेल्यावर वर्षभराने मशीन मंद झालं. ओळखीतून एक मुलगा आला. त्याने विचारलं, "काही ठेवायचंय का?" घरात त्या वेळी बहिणीची सून होती. ती म्हणाली, "डी ड्राइव्ह तेवढा राहू द्या." तिला बिचारीला डेस्कटॉप कुठे असतो हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि त्या मुलालाही कळायचं कारण नव्हतं की त्या चाळीस-पन्नास फायलींत एका माणसाचा आवाज आहे. मशीन छान पळू लागलं. संध्याकाळी बहीण भजन लावायला बसली तेव्हा डेस्कटॉप कोरा होता. जुन्या मोबाईलमध्ये दोन भजनं सापडली. त्यांतलं एक अर्धवट.

यात कुणाला दोष द्यावा? मला विचाराल तर कुणाही एकाला नाही. प्रश्न विचारला गेला, उत्तरही दिलं गेलं, पण दोघांचा अर्थ वेगळा होता. म्हणून तर म्हणते, हा प्रश्न बिघाडाच्या दिवशी, दारात माणूस उभा असताना सोडवायचा नसतो.

बॅकअप हा शब्द ऐकून घाबरू नका. आम्ही कॉमर्सवाल्या त्याला रोजमेळीची दुसरी प्रत म्हणू. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, पुस्तकाएवढी असते, यूएसबीच्या वायरने जोडायची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज हे पाच फोल्डर तिच्यावर कॉपी करा. टॅली वापरत असाल तर तिच्या डेटाचं फोल्डर वेगळं असतं, ते टॅलीतच बघून लिहून ठेवा. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवली तर वीज पडली किंवा व्हायरस आला तेव्हा दोन्ही एकदम जातील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉपीमधली चार फायली उघडून बघा. ताळेबंद जुळल्याशिवाय वर्ष संपत नाही, तशी फाइल उघडल्याशिवाय बॅकअप झाला म्हणायचं नाही. जे अगदी जीवापाड आहे त्याची तिसरी प्रत दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे एका पेनड्राइव्हवर, नाहीतर इंटरनेटवरच्या खात्यात ठेवा.

दिवस ठरवा, नाहीतर होत नाही. मी शुक्ल चतुर्दशी धरली आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरातलं काम कमी असतं आणि तिथी विसरत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या फायली, मंडळाची घटना, पाककृती, पूजेच्या याद्या, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फॉरमॅटनंतर फाइल राहते, पण फॉन्ट जातो, आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. पुष्कळजणी ती फाइल खराब झाली समजून पुसून टाकतात. ती खराब नसते. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की अक्षरं जागेवर येतात. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातले आपले मराठी फॉन्ट बॅकअपमध्ये घ्या. आणि नवीन जे लिहाल ते यूनिकोडमध्ये लिहा, म्हणजे हा त्रास सुनेच्या पिढीला नको.

आणखी एक गोष्ट नव्या लॅपटॉपची. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतल्या माहितीला आपोआप कुलूप लागलेलं असतं. एरवी ते जाणवत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा आतल्या सेटिंगला हात लागला की एकदम ४८ अंकांची किल्ली मागते. ती किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्यात साठवलेली असते. ते खातं कोणत्या ईमेलचं, पासवर्ड काय, हे घरात कुणालाच आठवत नसेल तर आतलं सगळं गेलं असं समजा. जगातला कुठलाही दुरुस्तीवाला ते उघडू शकत नाही. आज मशीन चालू आहे तोवर ती किल्ली शोधून वहीत लिहून ठेवा. ही वही पूजेच्या कपाटात ठेवा, कॉम्प्युटरच्या ड्रॉवरमध्ये नको.

मशीन दुकानात देताना लाज सोडून काळजी घ्यायची आहे. आपल्या मुलींचे, सुनांचे फोटो, बँकेचे कागद, आधारची प्रत, सगळं त्यात असतं. मी कुणा मुलावर संशय घेत नाही. घर गड्याच्या भरवशावर टाकून जाताना आपण तिजोरीची किल्ली कमरेला लावतोच, त्यात गड्याचा अपमान नसतो. बिघाड वीजपुरवठ्याचा, पंख्याचा किंवा मॉनिटरचा असेल तर हार्ड डिस्कची गरजच नाही. डेस्कटॉपमध्ये ती दोन केबली आणि चार स्क्रूंनी लावलेली असते. "डिस्क काढून माझ्याकडे द्या, बाकीचं न्या," असं म्हणायचं. लॅपटॉपला ते दरवेळी जमत नाही. तिथे ईमेल, बँक, सगळ्यांतून लॉग आउट करा, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड पुसा. आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा दुरुस्तीपुरतं वेगळं खातं उघडून द्या. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. लांब स्टूल घेऊन बसलं की मुलगा चार गोष्टी समजावूनही सांगतो.

बिलाविषयी माझ्या मैत्रिणी फार संकोच करतात. तुम्ही करू नका. काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून घ्या, मोबाईलवर मेसेज चालेल. कोणता भाग बदलणार, कोणत्या कंपनीचा, नवा की वापरलेला, वॉरंटी किती, मजुरी वेगळी किती. बदललेला जुना भाग परत मागा. नव्या भागाचा सिरियल नंबर बिलावर हवा, नाहीतर वॉरंटीचा काही उपयोग नाही. जीएसटीचं बिल मागितलं की १८ टक्के वर पडतात म्हणून आपण "बिल नको" म्हणतो, आणि मग दोन महिन्यांनी तोच भाग गेला की हात चोळत बसतो.

दुसऱ्या बाजूने, तपासणीचे पैसे नाकारू नका. "नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" हे आपल्या तोंडी फार असतं. बघण्यातच त्याचं शिक्षण खर्ची पडलेलं असतं. तपासणीची फी मिळाली तर बिघाड शोधायला तो वेळ देईल. नाही मिळाली तर फॉरमॅट मारेल किंवा नवा भाग विकेल, कारण त्याची कमाई मग त्यातच उरते. आपली घासाघीस शेवटी आपल्यालाच महाग पडते.

आता जे सांगणार ते काहींना आवडणार नाही. फॉरमॅटनंतर जी विंडोज भरून मिळते ती पुष्कळ वेळा चोरीची असते. पाचशे रुपयांत विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, सगळं. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये चोरून आणलेली वस्तू घेणंही सांगितलं आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. चोरी दुसऱ्याने केली आणि आपण फक्त घेतली, ही सबब तिथे चालत नाही. कंपनी परदेशातली आणि श्रीमंत आहे म्हणूनही चालत नाही. व्यवहार म्हणून बघितलं तरी तोटाच आहे. कुलूप तोडायला जे प्रोग्रॅम वापरतात त्यांच्याबरोबर व्हायरस आत येतात, आणि त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाइप करतो.

बहुतेकींना ठाऊक नसतं की या चोरीची गरजही नसते. विंडोज १० किंवा ११ भरून आलेला लॅपटॉप तुम्ही विकत घेतला असेल तर परवान्याचे पैसे तुम्ही तेव्हाच दिलेत, आणि बहुतेक वेळा त्याची किल्ली मशीनच्या आतच साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तीच आवृत्ती घेऊन पुन्हा भरली की ती आपोआप ओळख पटवते. मुलाला एवढंच सांगायचं, "बाळा, माझा परवाना आहे, ओरिजिनलच भर." तो थोडा चकित होईल. होऊ दे. आणि जिथे परवाना नाहीच, तिथे लिनक्स मिंटसारखी पद्धत फुकट आणि कायदेशीर मिळते. इंटरनेट, पत्रं, फोटो, मराठी टाइपिंग सगळं होतं. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, हे आधी लक्षात घ्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. त्यानंतर "जुनं झालं, नवीन घ्या" हे वाक्य गावोगाव ऐकू येतंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो, म्हणून पुष्कळ चांगली मशीनं त्यात बसत नाहीत. पण बसत नाही म्हणजे मेलं असं नाही. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरतात. चाळीस हजारांचं मशीन तीन वर्षांनी पुस्तकात ८६४० रुपयांचं उरतं. पण पुस्तकातली किंमत आणि टेबलावरची उपयुक्तता यांचा संबंध नाही. आपल्या घरातलं मशीन रोज एक हिशेब, दोन पत्रं आणि चार फोटो एवढंच काम करतं. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम चारची आठ जीबी केली, तर आठ-नऊ वर्षांचं मशीनही ओळखू येणार नाही इतकं पळतं. माझा ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असेल आणि मशीन माझं काम करत असेल तर दुरुस्त करायचं. त्याच्या वर गेला तर नवं घ्यायचं, पण जुन्याची नीट वासलात लावून. घरात तीन बंद कॅबिनेट ठेवून चौथं आणणं हा निव्वळ परिग्रह.

वासलात म्हणजे भंगारवाल्याला वजनावर देणं नव्हे. देण्याआधी माहिती खरोखर पुसा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. नाहीतर डिस्क काढून घरीच ठेवा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुनी यंत्रं नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जावीत अशी त्यात व्यवस्था आहे. भंगारात गेलं तर तारा जाळून तांबं काढतात, त्या धुरात कुणाची तरी लहान मुलं उभी असतात.

शेवटचं, फोनचं. पडद्यावर एकदम "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं येतं, भोंगा वाजतो. किंवा कुणीतरी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणून फोन येतो आणि एनीडेस्क सुरू करायला सांगतो. खऱ्या बिघाडाच्या संदेशात कंपनी कधीही फोन नंबर देत नाही, आणि न बोलावता फोनही करत नाही. मशीन बंद करा, फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. दुकानाने किंवा कंपनीने फसवलं, वॉरंटी नाकारली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर नावाचं पोर्टलही सुरू केलं आहे. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र ठेवली जाते.

हे सगळं वाचून "एवढं कोण करणार?" असं वाटेल. एकदम करू नका. या आठवड्यात फक्त एक वही घ्या. पहिल्या पानावर मशीन कधी घेतलं, बिल कुठे आहे, खात्याचा ईमेल कोणता, किल्लीचे अंक काय, आणि घरातल्या कोणत्या फायली गेल्या तर रडू येईल, त्यांची यादी. ती यादी घरातल्या सगळ्यांना विचारून करा. यजमानांना विचारा, सुनेला विचारा, नातवालाही. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. मग बाहेरची डिस्क आणा आणि त्या यादीप्रमाणे उतरवून घ्या.

पुढच्या वेळी दारात उभा राहून कुणी "काकू, फॉरमॅट मारू?" असं विचारलं, तर वही हातात असू द्या.

तुमच्या घरी कुठला बिघाड किती सोपा निघाला, तेही मला जरूर कळवा. आपल्याला एकमेकींकडूनच शिकायचं आहे.

जय जिनेंद्र.